कारणाचा रकाना

तुझ्या कागदावर एक रकाना आहे,
बोटभर रुंद.
वर लिहिलंय म्हणे: कारण.
लीमाहून एवढा घाट चढून आलास,
दोनदा ओकलास, ड्रायव्हर सांगत होता.
बस आधी. हा कोकाच्या पानांचा काढा घे,
डोकं उतरेल.
मग लिही.

फोर्तुनातोच्या दारावर रात्री थाप पडली.
बाहेर सात पोरं,
एकीच्या दोन पायांत दोन तऱ्हेच्या चपला.
दाराआडून बंदूक बोलते तेव्हा
कणगीतले बटाटे आपले उरत नाहीत.
त्यानं उकडून दिले. मीठही दिलं, चांगलं, पांढरं.
सकाळी शिपाई आले.
त्यांनी उकिरडा उपसला, सालं पसरली:
घरात माणसं तीन
आणि सालं दहाजणांची.
गणित एवढंच होतं.
लिही, सालं.

निकानोर मास्तर कुणालाच काही बोलला नाही.
शिपायांनी दोन दिवस उलटा टांगला
आणि सोडला.
लंगडत आला म्हणून आम्ही मक्याची दारू काढली,
त्याच्या बायकोनं ससा कापला.
तिसऱ्या रात्री ती पोरं आली.
त्यांनी तुला जिवंत कसं सोडलं, म्हणाली.
याला काय उत्तर देणार माणूस?
'जिवंत होता'
बसेल तुझ्या रकान्यात?

खरं सांगू, ते एकमेकांनाच मारायला निघाले होते.
पण एकमेकांना सापडत नव्हते.
धुक्यातून यायचे, धुक्यात जायचे,
वर गवत पिवळं, खाली खडक काळे,
आणि मधे कुणीच नाही.
आम्ही मात्र सापडायचो.
त्याच शेतात, त्याच ओढ्यावर,
त्याच मेंढरांमागे.
आम्हाला पत्ता होता.

आणि चौकातले ते पाच,
ज्यांना पुरायचं नाही असा हुकूम होता,
त्यांनी तर कुणाचंच काही केलं नव्हतं.
ते आमच्यासाठी नव्हतेच, हे मला फार उशिरा कळलं.
ती चिठ्ठी होती, पलीकडच्या गावाला.
तिथं चार माणसांनाही वाचता येत नव्हतं,
पण ही सगळ्यांनी वाचली.
पुढच्या पौर्णिमेला त्यांनी मागायच्या आत मेंढरं दिली.
कुत्री हाकलायला मी दगड गोळा करून ठेवले होते.
ते लिहू नकोस.

थांब, पेन मिटू नकोस.
एक राहिलाय.

एउलालियो.
मंगळवारची पाणपाळी आमची.
तो रात्री पाटातला दगड सरकवायचा, एवढासाच,
की पहाटे माझ्या वाफ्यात चिखलही होऊ नये.
तीन वर्षं.
मका गुडघ्याएवढा होऊन करपायचा.
मी पंचांकडे गेले, पाद्र्याकडे गेले,
त्याच्या आईच्या पाया पडले.

मग कप्तानानं सगळ्यांना चौकात उभं केलं.
चष्मा होता त्याला, आवाज मऊ.
विचारलं, त्यांना वाटेवर कोण भेटतं?
रांगेत माझ्या पाठीवर लेकरू झोपलं होतं.
मी बोलले नाही. कुणालाही विचार,
त्या दिवशी सातुर्निना एक शब्द बोलली नाही.
मी हनुवटी उचलली. एवढीच.
त्याच्या कौलांच्या दिशेला.

तो त्यांना कधी भेटला होता का,
मला माहीत नाही.
माहीत नव्हतं तेव्हाही.

पाणी त्या मंगळवारी काठोकाठ आलं.
मी फावडं घेऊन उभी राहिले
आणि वाफा भरून वाहून गेला तरी
बारं मोडलं नाही.

का रे थांबलास, दुभाष्या?
या पोराला सांग ना त्याच्या भाषेत.
अवघड शब्द एकही नाही त्यात.
पाणी. मंगळवार.
हनुवटी.